घासून आणलेली बाटली

"दुखनं गेलं म्हनतो ना मी! आता काय कोलांटी मारून दाखवू?" माणिकराव म्हणाले.

ते माझ्या टेबलासमोर ताठ उभे होते. महिन्याभरापूर्वी याच माणसाला दोघांनी धरून बैलगाडीतून उतरवलं होतं. तेव्हा दोन्ही हातांनी पोट दाबून ते दवाखान्याच्या पायरीवरच बसले होते. आता अंगावर नवा सदरा होता, तोंडात विडा होता आणि घाई होती. असा पेशंट पाहून कुठल्याही डॉक्टरला बरं वाटावं. मला वाटेना.

"शौचाला कशी होते?" मी विचारलं.

"होते."

"रंग?"

"डागदरसाहेब, मी रुईचा रंग पाहतो. तिकडं कोन पाहते?"

मागची रांग खदखदून हसली. दवाखान्याच्या रांगेला हसायला फार कमी मिळतं, त्यामुळे मिळेल तेवढं ती पुरवून वापरते. मी पुन्हा विचारलं.

"पिवळी," ते वैतागून म्हणाले. "जशी साऱ्या दुनियेची असते तशी. झालं समाधान?"

नाही झालं. ती काळी असायला हवी होती.

मी तेव्हा अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. सिव्हिल सर्जन साहेब पेशंट तपासत आणि प्रिस्क्रिप्शन लिहीत. पट्टी बांधण्यापासून मिक्श्चर तयार करण्यापर्यंत बाकीचं सगळं माझ्याकडे. लोक आम्हा दोघांनाही डागदरच म्हणत. साहेबांच्या खुर्चीला हात होते आणि मला स्टूल होतं, हा फरक त्यांच्या लेखी नव्हता. मी मूळचा साताऱ्याकडचा. इकडचं बोलणं मला आधी भांडणासारखंच ऐकू यायचं. पुढे कळलं की वऱ्हाडी माणूस भांडायला लागला की आवाज खाली आणतो, तोवर काळजीचं कारण नाही.

दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेच्या गिरण्यांना अचानक वऱ्हाडाची आठवण झाली. अमरावतीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागत. चहूकडे कापसाची धूळ उडे. दवाखान्यात खोकल्याचे, डोळे आल्याचे आणि चाकाखाली पाय सापडल्याचे पेशंट वाढले. पोटदुखीचेही वाढले, कारण त्या हंगामात शहरात वेळेवर जेवणारा माणूस शोधून सापडला नसता.

माणिकराव वलगावच्या शेतकरी घरातले. शेती भाऊ बघत, आणि हे शहरात एका व्यापाऱ्याकडे रुईचे पारखी होते. पारखी म्हणजे गाडीतून किंवा गाठीतून रुईचा एक झुबका काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते पाहायचं आणि माल कसा ते सांगायचं. ते "हो" म्हणाले की शेठ माल घेई, "नाही" म्हणाले की गाडीवान शिव्या देत पुढे जाई. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत उभ्यानं काम. पोटात विडा, तंबाखू, आणि सवड मिळेल तेव्हा मिरचीचा ठेचा लावलेली भाकर.

त्यांना अल्सर होता. म्हणजे जठराच्या आतल्या बाजूला पडलेली जखम. जेवणानंतर थोड्या वेळानं जळजळ सुरू होते, कळ पाठीपर्यंत जाते, आणि ओकारी झाली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. जखमेला आराम दिला तर ती भरते. नाही दिला तर आत आत खात जाते. एखादी रक्तवाहिनी तिच्या वाटेत आली तर पोटातल्या पोटात रक्त सुटतं, आणि अशा वेळी डॉक्टर फारसं काही करू शकत नाही. तशी माणसं मी पाहिली होती. सकाळी बोलत असतात.

साहेबांनी औषध दिलं होतं बिस्मथचं. ही एक पांढरी, हाताला जड लागणारी भुकटी असते. पोटात गेली की जखमेवर थर धरते, भिंतीवर लिंपण बसावं तसा. त्या थराखाली जखम भरून येते. आम्ही ती डिंकाच्या पाण्यात घोटायचो, चवीला पुदिन्याचं पाणी घालायचो, आणि कळ थांबावी म्हणून साहेब त्यात अफूच्या अर्काचे थोडे थेंब लिहीत. झालं मिक्श्चर. बाटलीच्या अंगाला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. जेवणाआधी घ्यायचं, आणि घेण्यापूर्वी बाटली हलवायची. हे मी माणिकरावांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी "हो, हो" म्हटलं होतं. तेव्हा त्यांचं लक्ष खिडकीबाहेरच्या कापसाच्या गाड्यांकडे होतं.

आता रंगाचं. बिस्मथ आतड्यात गेलं की काळं पडतं, आणि शौचही काळी होते. त्यानं काही बिघडत नाही. उलट, औषध जायचं तिथे गेलं याची ती पावतीच असते. पेशंट घाबरून औषध सोडतात, म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवायचो. माणिकरावांनाही सांगितलं होतं. महिना झाला, आणि हे म्हणत होते पिवळी.

मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"दुखणं आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही म्हणतो."

"ओकारी?"

"नाही."

"मग तुला आणखी काय हवंय?"

"बिस्मथ कुठे जातंय ते हवंय, सर."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. ते स्कॉटलंडचे होते. चिडले की फार हळू बोलत. "त्याचा शेठ काल माझ्याकडे येऊन गेला. हा माणूस अकोल्याला मुक्कामी जाऊन माल पाहणार आहे. तो बरा आहे असं मी शेठला सांगितलंय. आणि तू मला शौचाचा रंग सांगतोस."

"हो सर."

"तो निघायच्या आत शोधून काढ," असं म्हणून त्यांनी पुन्हा लेखणी उचलली.

आधी मला आमच्याच बरणीचा संशय आला. मालाला मागणी असली की भेसळ येतेच, मग ती रुईत असो की औषधात. पण त्याच बरणीतलं बिस्मथ बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी घेत होती, आणि तिनं चारच दिवसांपूर्वी दवाखाना डोक्यावर घेतला होता. "मले काय पाजलं रे बापा, सारं कोळसा झालं!" म्हणजे बरणीत खोट नव्हती.

मग वाटलं, माणिकराव औषध घेतच नसावेत. विचारलं तर त्यांनी आईची शपथ घेतली. "बायको देते. माह्या हातात वाटी देऊन समोर उभी राह्यते. न घेऊन सांगतो कोनाले?"

हे खरं वाटण्यासारखं होतं, कारण त्यांच्या बायकोची बाटली मला ठाऊक होती. आमच्याकडे पेशंटनं रिकामी बाटली परत आणायची, तीच आम्ही भरून द्यायचो. लोक कसल्याही बाटल्या आणत. तेलकट, माती लागलेल्या, एकीत तर मुंग्यांचं घर. माणिकरावांची बाटली मात्र राखेनं घासून, वाळवून, तोंडाला स्वच्छ चिंधीचं बूच लावून यायची. ती उन्हात धरून मी रांगेला दाखवायचो. "बघा, बाटली अशी आणावी!" गिरजाबाईंना मी तोवर पाहिलं नव्हतं, पण त्यांची बाटली आख्ख्या दवाखान्यानं पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. कापसाच्या बाजारामागे दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, अंगणात दोडक्याचा वेल. गिरजाबाई पाण्याच्या माठापाशी बसल्या होत्या. उंच, सावळ्या, वयानं तिशीच्या आसपास. डागदर घरी आला म्हणजे नवऱ्याचं काहीतरी झालं, असंच त्यांना आधी वाटलं. हातातलं काम टाकून त्या उभ्याच राहिल्या.

"काही नाही बाई. औषध कसं चाललंय ते बघायला आलोय."

"बसा भाऊ. पानी घ्या."

पाणी काचेसारखं होतं. त्या दिवसांत अमरावतीला असं पाणी म्हणजे नवल. विहिरींचा तळ लागत आलेला, वर येईल ते पाणी चहाच्या रंगाचं. मी तसं म्हटल्यावर त्या खूश झाल्या.

"निवळी घासतो आमी. रातभर ठेवून देतो. गाळ खाली बसला की वरचं वरचं काढून घ्याचं. यांचं पोट नाजूक, गढूळ पानी कसं चालन?"

निवळी म्हणजे एक बी असतं. माठाच्या आतून ते घासलं की पाण्यातली माती तळाशी बसते. वऱ्हाडातल्या घरोघरी ते असे. मी मान डोलावली, पाणी संपवलं, आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

तेवढ्यात माणिकराव जेवायला आले. मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. गिरजाबाईंनी ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तिच्यावर लाल तेलाचा तवंग, आणि कडेला ठेचा.

"मी दूध आणि मऊ भात सांगितला होता," मी म्हटलं.

"ते दुखत होतं तवा. आता दुखत नाई तं काहून खाऊ? दूधभात पोरं खातात."

गिरजाबाई आत गेल्या आणि औषधाची बाटली घेऊन आल्या. दोन्ही हातांनी धरून आणली, अगदी सावकाश, देवापुढचा दिवा उचलावा तशी. तळाशी बोटभर पांढरा थर बसला होता. वर नितळ पाणी. त्यांनी श्वास रोखून बाटली तिरकी केली, खाचेपर्यंतचं वरचं पाणी वाटीत घेतलं, आणि गाळ हलायच्या आत बाटली सरळ केली. फार सफाईचं काम होतं. वाटी त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली.

"थांबा," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ही बाटली हलवत का नाही?"

"हलवू? मंग सारा गाळ वर येन ना." त्या मला समजावून सांगायला लागल्या. "भाऊ, राग नका मानू. तुमच्या दवाखान्याचं पानी लय गढूळ. पह्यल्या दिवशीच मी पाह्यलं. तवापासून निवळूनच देऊन राहिली. फळीवर ठेवतो, कोनाले हात लावू देत नाई."

"आणि खालचा गाळ?"

त्यांनी अंगणाकडे बोट केलं. दोडक्याच्या वेलाच्या बुडाशी चुना सांडावा तसा पांढरा थर पडला होता. महिन्याभराचं बिस्मथ तिथे होतं.

मला आधी हसू आलं. बिस्मथ पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. अफूचा अर्क मात्र विरघळतो, तो वरच्या पाण्यातच राहतो. म्हणजे ही बाई रोज मोठ्या निगुतीनं औषध फेकून नवऱ्याला नुसती अफू देत होती. कळ थांबली होती ती त्यामुळे. जखम होती तशीच होती, किंवा वाढलेली, आणि तिच्यावर हा माणूस ठेचा खात होता.

मी ते दोघांना सांगितलं. जेवढं सोपं करता आलं तेवढं करून सांगितलं.

"अफू?" माणिकराव म्हणाले. "अफूच द्याची होती तं घरी का कमी होती?"

गिरजाबाई वेलाकडे पाहत होत्या. मग एकदम माणिकरावांचा आवाज खाली आला आणि मला कळलं की आता खरं भांडण आहे.

"काय वं, तुले कोन सांगतलं होतं शहाणपन करायले?"

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं, माणिकराव?" मी म्हणालो. "मी सांगितलं होतं. बाटली हलवून घ्या म्हणून. यांच्यापर्यंत ते पोचवलंत?"

पोचवलं नव्हतं. औषधाची बाटली बाईच्या हातात देणं एवढंच त्यांनी केलं होतं.

गिरजाबाईंचे डोळे भरले होते. त्यांना रडू देण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मी विचारलं, "बाई, ताक वाढताना काय करता? खाली घट्ट बसतं आणि वर पाणी येतं. वरचं पाणी वाढता का?"

"नाई. ढवळून वाढतो."

"का?"

"खालीच तं ताक असते ना." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. हात कपाळाला गेला. "बाई गं!"

पुढे त्यांना काही समजवावं लागलं नाही. बाटली हलवायची, पाण्यासारखी निवळायची नाही, हे कायमचं बसलं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अमरावतीत निदान एका दोडक्याला अल्सर होणार नाही." मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनमधली अफू खोडली. "आता खरं काय ते त्याचं पोटच सांगेल. दुखलं तर अकोला नाही."

दुखलं. अफू उतरली तशी दुसऱ्याच दिवशी माल पाहता पाहता त्यांना कळ आली आणि ते रुईच्या ढिगावरच आडवे झाले. गाडीत घालून आणलं तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं, पण मला शिव्या द्यायला ताकद उरली होती.

"चांगला होतो मी! तुमी येऊन बिमार पाडलं!"

एका अर्थानं ते खरंच होतं. काल त्यांना बरं वाटत होतं आणि आज वाटत नव्हतं, मध्ये फक्त मी आलो होतो. असं असताना पेशंटला पटवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. मला ते जमलं नाही. गिरजाबाईंनी केलं.

"अवो, आग लागलेली दिसत नव्हती, कारण आपन डोळे झाकले होते," त्या म्हणाल्या. "आता दिसून राहिली तं इझवा ना."

माणिकराव तीन आठवडे घरी पडून राहिले. दूध, मऊ भात, ढवळून घेतलेलं औषध. विडा बंद, तंबाखू बंद, ठेचा बंद. शौच काळी झाली तेव्हा गिरजाबाईंनी मला दवाखान्याच्या रांगेतून ओरडून सांगितलं. रांग पुन्हा हसली. या खेपेला मीही हसलो. हळूहळू अफूशिवायच कळ थांबली.

पण हंगाम थांबला नव्हता. शेठचा निरोपावर निरोप येत होता. शेवटी साहेबांनी नाइलाजानं अकोल्याला जायची परवानगी दिली. गाडीच्या हादऱ्यात बाटली फुटेल म्हणून मी बिस्मथच्या पुड्या बांधून दिल्या. एकेक पुडी दुधात ढवळून घ्यायची. आणि निघायच्या आदल्या दिवशी या वेळी दोघांनाही समोर बसवलं. एकट्या पुरुषाला औषध सांगणं मी तेव्हापासून सोडलं आहे.

"काळा रंग दोन तऱ्हेचा," मी सांगितलं. "पुडीनं येतो तो कोळशासारखा, कोरडा काळा. त्याला घाबरायचं नाही. पण पोटात रक्त सुटलं तरी शौच काळीच होते. ती असते गाडीच्या वंगणासारखी. चिकट, चमकणारी, घाण वास मारणारी. माणसाला घेरी येते, घाम सुटतो. तसं झालं तर बसल्या जागेवरून उठायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, आणि दवाखान्यातून माणूस बोलवायचा."

"अन् पुडी घेतली नाई अन् तरी काळी झाली तं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"तर मग रंग बघत बसायची गरजच नाही. ते रक्तच."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच गाडीत बसल्या. हंगामात पारखी मुक्कामी जायचे ते एकटे, बायको बरोबर नेणं म्हणजे थट्टेचा विषय. शेठच्या माणसांनी थट्टा केलीही. गिरजाबाईंनी दुधाची चरवी मांडीवर घेतली आणि गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं गिरजाबाईंकडून आणि थोडं अकोल्याच्या दवाखान्यातल्या असिस्टंटकडून.

अकोल्यात सगळं ठीक चाललं होतं. मग माणिकराव माल पाहायला बाळापूरला गेले. दोन रात्रींचा मुक्काम, म्हणून बायकोला अकोल्यातच ठेवलं. गिरजाबाईंनी पुड्या धोतराच्या सोग्याला बांधून दिल्या. बाळापुरात ओळखीचे लोक, आग्रहाचं जेवण, तर्रीदार भाज्या. चारचौघांत दुधाची वाटी मागायची कशी? माणिकरावांनी मागितली नाही.

अकोल्याला परत आले त्या दिवशी सकाळी ते मुक्कामाच्या घरामागे जाऊन आले आणि म्हणाले, "काळी झाली. तुह्या डागदरले सांग, औषध लागू पडून राहिलं." आणि अंगरखा चढवून बाजाराला निघाले.

गिरजाबाई धोतर धुवायला घेत होत्या. सोग्याची गाठ तशीच होती. त्यांनी ती सोडली. पुड्या बांधून दिल्या होत्या तशा आत होत्या.

"एकबी पुडी घेतली नाई तुमी," त्या म्हणाल्या. "मंग काळं कुठून आलं?"

"काय डोकं खाऊन राहिली सकाळी सकाळी!"

त्या घरामागे गेल्या आणि स्वतः पाहून आल्या. मला हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती, पण आवाज स्पष्ट होता. "लाज कशाची भाऊ? वंगनच होतं ते."

परत येऊन त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. बाहेर गाडी उभी, गाडीवान हाका मारतोय, शेजारी जमलेले. माणिकराव तापट माणूस. त्यांनी हात उगारला. त्या हलल्या नाहीत. "मारा. पन बसून मारा," म्हणाल्या. तेवढ्यात माणिकरावांनाच घेरी आली, कपाळाला घाम फुटला, आणि ते भिंतीला धरून खाली बसले. गिरजाबाईंनी त्यांना तिथेच जमिनीवर झोपवलं. शेजारणीनं पाणी आणलं ते पाजू दिलं नाही. गाडीवानाला दवाखान्याकडे पिटाळलं.

दुपारी रक्ताची मोठी ओकारी झाली. तोवर अकोल्याचा असिस्टंट त्यांच्या उशाशी होता. त्यानं पोटावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, हलू दिलं नाही, काही खाऊ दिलं नाही, आणि अफू दिली. या वेळी अफूच हवी होती, पोट निपचित राहावं म्हणून. असिस्टंट मला पुढे म्हणाला, "हा माणूस बाजारात उभा असता किंवा गाडीत असता तर मला दाखवायला प्रेतच आणलं असतं." त्या रात्री ते जातील असंच त्यालाही वाटलं होतं. गेले नाहीत. रक्त थांबलं.

उन्हाळा संपता संपता त्यांना अमरावतीला आणलं. निम्मे झाले होते. साहेबांनी तपासलं, पुन्हा मिक्श्चर लिहिलं, अफूशिवाय. माणिकराव बाहेर माझ्या टेबलापाशी थांबले आणि रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "औषधाचं काय सांगाचं ते हिले सांगा. मले नका सांगू. माह्या ध्यानात राहत नाई." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ होतं. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्यांची जखम भरली. पारखीचं काम त्यांनी पुढे बसून केलं, शेठनं त्यांच्यासाठी बाजारात खाट टाकून दिली. अमेरिकेतली लढाई संपली, भाव उतरले, पुष्कळांचं पुष्कळ गेलं. माणिकराव दूधभात खात जगले.

माणिकरावांना अमरावतीला आणलं त्यानंतर आठवड्यानं औषधाची बाटली भरून न्यायला गिरजाबाई आल्या होत्या. टेबलावर बाटली ठेवली. मी उचलली आणि थबकलो. आतून पांढरे ओघळ, तळाशी वाळलेली पापडी, बाहेर बोटांचे डाग. जिची बाटली मी रांगेला दाखवायचो तिची ही बाटली.

"बाई, आज घासली नाही?"

"नाई."

"काहून?" वऱ्हाडात राहून तो शब्द माझ्याही तोंडात बसला होता.

"घासून आनत होती तवा तुमाले काय दिसलं?" त्या म्हणाल्या. "आता पाहा. तळाले किती राह्यलं, बाजूले किती लागलं. मी बरोबर देऊन राहिली का नाई, ते पाहा अन् मंगच घासा."

मी बाटली उन्हात धरून पाहिली. तळाशी त्या पातळ पापडीपलीकडे काही उरलं नव्हतं. बरोबर देत होत्या.

त्या दिवसापासून मी दवाखान्यात नवा नियम लावला. रिकामी बाटली न धुता आणायची, धुवायचं काम आमचं. अमरावतीकरांना वाटलं, डागदराच्या डोक्यावर ऊन चढलं. साहेबही कुरकुरले, पण त्यांनी नियम मोडला नाही. पुढे बदली होऊन जिथे जिथे गेलो तिथे तो चालू ठेवला, आणि मुंग्यांसकट बाटल्या घेतल्या.